उर्फ नाना, मुक्काम मोंबासा

धुळ्याच्या कचेरीच्या आवारात माझं मेज एकाच कडुनिंबाखाली छत्तीस वर्षं होतं. माझ्या धंद्याला सरकार दस्तलेखक म्हणे, वकीलमंडळी बाँडरायटर म्हणत, आणि ज्यांच्या जिवावर माझी चूल पेटे ते खेड्यापाड्यांतले लोक 'लिखनारा भाऊ' म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक आहे, पण ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

संपादकांनी मला लिहायला सांगताना एक अट घातली: 'दस्तासारखं लिहू नका.' आता ज्या माणसाने उभ्या आयुष्यात 'कारणे लिहून देतो की' याखेरीज वाक्याची सुरुवात केली नाही, त्याला ही अट म्हणजे माशाला झाडावर चढ म्हणण्यासारखंच आहे. तरी प्रयत्न करतो. चतुःसीमा मात्र विचारू नका, त्या आपोआप लिहिल्या जातील.

मी खरेदीखतं लिहिली, गहाणखतं लिहिली, वाटणीपत्रं लिहिली. पण माझा खरा जीव मुखत्यारपत्रात. मुखत्यारपत्र म्हणजे आपली सही दुसऱ्याच्या हाताला उसनी देणं. तुम्ही धुळ्यात बसायचं आणि तुमच्या वतीने दुसऱ्याने नाशकात, मुंबईत किंवा समुद्रापलीकडे जाऊन घ्यायचं, द्यायचं, सही करायची. एका कामापुरतं असेल तर ते खास मुखत्यारपत्र, सगळ्या कामांचं असेल तर कुलमुखत्यारपत्र. नियम दोनच. कागदात लिहिलं असेल तेवढंच मुखत्याराला करता येतं, आणि ज्याचं नाव लिहिलं असेल त्यालाच. हा दुसरा नियम मी इतरांना इतक्या वेळा सांगितला की स्वतः पाळायचा राहून गेला. ती गोष्ट पुढे येईलच.

या कागदावर लोकांचा विश्वास मात्र अफाट. शिरपूरकडचे एक आबा आले होते. त्यांना भाऊबंदांशी भांडायचं होतं, पण दम्यामुळे आवाज निघत नव्हता. पुतण्याला घेऊन आले आणि म्हणाले, "मना बदला हाऊ भांडी. तसा कागद करी द्या." मी म्हटलं, आबा, भांडणाला स्टँप लागत नाही. त्यांना ते पटलं नाही. बिनस्टँपाच्या भांडणाला भाऊबंद भीक घालत नाहीत म्हणाले. दुसरे आमच्या धुळ्यातलेच एक रंगारी चाचा. ते धाकट्या भावाला मुखत्यार नेमत आणि भांडण झालं की रद्द करायला येत. चार वेळा नेमला, चार वेळा काढला. शेवटी मी दोन्ही मसुदे आगाऊ लिहूनच ठेवले. ते लांबून दिसले की चेहऱ्यावरून ठरवायचं, कुठला काढायचा.

पण या सगळ्यांवर कडी केली ती अक्काने.

लढाईच्या आधीची गोष्ट. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. पन्नाशी उलटलेली एक बाई मेजासमोर येऊन बसली. शिंदखेडा तालुक्यातली, विधवा, कोरडवाहू शेती एकटीने केलेली. हातातली पिशवी मांडीवर ठेवून म्हणाली, "भाऊ, मोंबासामा घर लेवानं शे. कागद करी द्या."

मी हातातला बोरू मेजावर ठेवला. आमच्याकडे लोक शेजारच्या वाडीतलं घर घेतानाही दहा वेळा विचार करतात. मी विचारलं, "अक्का, मोंबासा कुठे आहे ठाऊक आहे का?"

"मनी नजर पहोचत नही तठे शे. पन मना आंडोर तठे शे, इतलं म्हाईत शे."

आंडोर म्हणजे मुलगा. तो धुळ्याच्या कापसाच्या जिनात फिटर होता. पुढे आफ्रिकेतल्या एका कापसाच्या कंपनीने त्याला बोलावून नेलं. तिथे त्याने लग्नही केलं, सुरतेकडच्या वल्लभदास नावाच्या दुकानदाराच्या मुलीशी. जातपात बघायला अक्का समुद्र ओलांडून जाऊ शकली नाही, आणि तिकडे बघणारे तसे कमीच असावेत. इथवर सगळं तिने गोड मानून घेतलं होतं. एकच गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती. मुलगा सासऱ्याच्या घरात राहत होता.

"लोके त्याले घरजवाई म्हंतस," ती म्हणाली. हे सांगताना तिने आजूबाजूला पाहून घेतलं, जणू मोंबासाची बातमी कचेरीच्या आवारातच फुटायची होती. "मी तठे जासू ते मना सोताना घरमा जासू. व्याहीना उंबरठा मी वलांडाव नही."

बेत पक्का होता. सासऱ्याच्या शेजारीच एका कच्छी व्यापाऱ्याचं दोन खोल्यांचं घर होतं. तो धंदा आवरून देशी परत जाणार होता आणि दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. घर अक्काच्या नावावर घ्यायचं, मुलाने सूनबाईला घेऊन त्यात यायचं, मग अक्काने बोटीत बसायचं. इकडे तिने शेत विकून पैसे पुढे धाडलेही होते, आणि राहतं घर दिवाळीनंतर दिराला मोकळं करून द्यायची बोली झाली होती. मोंबासाचं घर हुकलं तर तिला इकडे छप्पर नाही आणि तिकडे व्याह्याच्या उंबऱ्याशिवाय वाट नाही, असा तो मामला. मला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, म्हणून पुढे जे झालं त्याची मला जास्त लाज वाटते.

तिकडच्या कचेरीत विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांच्याही सह्या लागत. अक्काची सही मुलाने करायची, म्हणून मुखत्यारपत्र. मी मसुद्याला लागलो. तिचं नाव शेताच्या खातेउताऱ्यावरून उतरवून घेतलं, द्वारकाबाई भ्रतार बुधा. मग विचारलं, "मुलाचं नाव?"

"नाना."

"खरं नाव?"

"नानाच खरं शे. खोटं कसाले सांगू?"

आता आमच्या खानदेशात हे नवीन नाही. पोर पाळण्यात असतानाच त्याचा नाना होतो, आबा होतो, भाऊ होतो, आणि मग तेच नाव सरणापर्यंत पुरतं. मी म्हटलं, "अक्का, बारशाला काहीतरी ठेवलं असेल ना?"

"पायनामा आत्यानी कानमा काय सांगं ते तिलेच म्हाईत. पोऱ्या रडी ऱ्हायंता, कोनले काय ऐकू उनं नही. आते आत्या बी गयी."

दुसरा एखादा लेखक असता तर 'नाना' लिहून मोकळा झाला असता. पण मला माझ्या अक्षराची आणि भाषेची मोठी घमेंड. स्टँपावर, मॅजिस्ट्रेटच्या शिक्क्याखाली, साता समुद्रापार जाणाऱ्या कागदावर नुसतं 'नाना'? मी अक्काला घरी पाठवलं आणि मुलाची पत्रिका आणायला सांगितली. पत्रिकेत राशीचं नाव निघालं, ढुंढिराज. ते वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी झोकात लिहिलं: 'माझा मुलगा ढुंढिराज वल्द बुधा यास मी मुखत्यार नेमीत आहे.' 'उर्फ नाना' हे दोन शब्द बोरूच्या टोकाशी आले होते. शोभा जाईल म्हणून मी ते लिहिले नाहीत.

अक्काने मॅजिस्ट्रेटसमोर अंगठा उठवला, कोर्टातल्या भाषांतरकाराने इंग्रजी प्रत केली, आणि कागद बोटीने गेला. टपाल जायला तीन आठवडे, यायला तीन आठवडे.

आषाढात मोंबासाच्या वकिलाचं उत्तर आलं. ढुंढिराज नावाचा माणूस तिथे कोणाच्याही माहितीत नव्हता. नाना बिचारा वकिलाच्या कचेरीत बाकावर बसला होता. कारकुनाने "ढुंढिराज कोण?" म्हणून हाक मारली. नानाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मला माहीत नाही." तीस वर्षांच्या आयुष्यात त्याने ते नाव ऐकलं नव्हतं. कारकुनाने तसं कागदाच्या पाठीवर लिहून ठेवलं.

मी चिडलो. स्वतःवर चिडायचं सोडून कागदावर चिडलो. पहिल्या मसुद्यात शब्द फार झाले म्हणून अडलो, असं मी मनाशी ठरवलं आणि दुसरा मसुदा अगदी कातरून लिहिला. "तूच सांग अक्का, तू सांगशील तस्संच लिहितो," म्हटलं. ती म्हणाली, "मना नाना बठ्ठं करी." बठ्ठं म्हणजे सगळं. मी लिहिलं, 'माझा नाना यास मी मुखत्यार नेमीत आहे.' मुलगा नाही, बापाचं नाव नाही, काही नाही. भाषांतरकाराने नानाचा नानाच ठेवला. तो तरी दुसरं काय करणार?

दुसरं उत्तर आलं ते भाद्रपदात, पोळा होऊन गेल्यावर. भाषांतरकार ते घेऊन स्वतः माझ्या मेजापाशी आला. तो एरवी खुर्ची सोडत नसे, म्हणजे प्रकरण गमतीचं असणार हे मी ओळखलं. तिकडचे कारकून सगळे गुजराती. गुजरातीत नाना म्हणजे आईचे वडील. वकिलाने लिहिलं होतं की, बाईंचे वय पंचावन्न दिसते. त्यांनी आपल्या आजोबांस मुखत्यार नेमल्याचे पाहून आश्चर्य वाटले. सदर गृहस्थांचे वय नव्वदीच्या पुढे असावे. तरी ते हयात असल्याचा व मोंबासात असल्याचा दाखला जोडावा. आमच्यासमोर जो तीस वर्षांचा इसम 'मीच नाना' म्हणून उभा राहिला, त्यास आम्ही परत पाठविले आहे.

भाषांतरकार हसून हसून कडुनिंबाला टेकला. मी अक्काला पत्र वाचून दाखवलं तेव्हा मात्र मला हसू येईना.

"मना आजला शिंदखेडाना बजारले बी कधी गया नही," ती म्हणाली, "त्याले तुम्ही मोंबासाले धाडी दिधा."

दिवाळी दीड महिन्यावर आली होती. कच्छी व्यापाऱ्याने बोटीचं तिकीट काढल्याचं नानाने कळवलं होतं. अक्काच्या दिराने घराला नवा चुना द्यायला सुरुवातही केली होती, तिच्या देखत. मला राहवेना. मी तिला सांगितलं की, अक्का, यात तुझी चूक नाही, नानाची नाही, वकिलाचीही नाही. पहिल्याच दिवशी मी 'उर्फ नाना' लिहिलं असतं तर आतापावेतो तू बोटीत असतीस. माझ्या तोऱ्याने तुझं घर अडवलं.

मला वाटलं ती चार शब्द सुनावेल. ती म्हणाली, "तुम्ही शिकेल मानूस शेतस भाऊ. आम्हले लिखता येत नही, म्हनीसन आमनी अशी चूक व्हत नही."

चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तिसरा मसुदा मी रात्रभर डोक्यात घोळवला आणि सकाळी एका दमात लिहिला. तसा कागद खानदेशात पूर्वी झाला नाही आणि पुढे होणार नाही. 'माझा मुलगा, राशीचे नाव ढुंढिराज, उर्फ नाना, वल्द बुधा, वय वर्षे तीस, धंदा फिटर, जो माझ्या आईचा बाप नसून माझ्या पोटचा मुलगा आहे, यास मी मुखत्यार नेमीत आहे.' मॅजिस्ट्रेटसाहेब वाचता वाचता मध्येच थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे वाक्य आवश्यक आहे काय?" मी म्हटलं, "साहेब, दोन बोटी बुडाल्यात यापायी." त्यांनी शिक्का मारला.

मग वाट पाहणं. दिवाळी आली आणि गेली. अक्काने दिराकडून पंधरा दिवस मागून घेतले, मग आणखी आठ. दर बाजारच्या दिवशी ती धुळ्याला येई, मेजासमोर बसे. मी दुसऱ्यांचे दस्त लिहीत राही. माझं अक्षर त्या महिन्यात बिघडलं, असं माझेच लोक म्हणतात.

कार्तिकात पत्र आलं. वकिलाचं नव्हे, नानाचं. अक्का समोर होती. मी फोडलं आणि वाचू लागलो.

नानाने लिहिलं होतं की, घराच्या कागदासाठी कचेरीत ठरलेल्या दिवशी सगळे गेले. तो कच्छी व्यापारी, वकील, आणि ओळख पटवायला सासरे वल्लभदास. कागद पाहून तिथल्या गोऱ्या अंमलदाराला शंका आली. 'आईचा बाप नसून मुलगा आहे' असं कोणी कशाला लिहील? ज्याने असं मुद्दाम लिहिलं त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं असणार. (माझं ते वाक्य!) अंमलदार नानाला म्हणाला, 'तू हिचा मुलगा ना? मग कागद न बघता सांग, तुझ्या आईचं नाव काय?'

नानाने सांगितलं, 'अक्का.'

अंमलदाराने कागदात पाहिलं. त्यात अक्का कुठेच नव्हती. मी मुलाचं उर्फ लिहिलं, आईचं लिहिलं नव्हतं. 'पुन्हा सांग,' तो म्हणाला. नाना म्हणाला, 'अक्काच. दुसरं मला ठाऊक नाही.' अंमलदाराने कागद बाजूला सारला. कच्छी व्यापारी उठून उभा राहिला. त्याची बोट चार दिवसांवर होती.

तेव्हा मागून सासरे बोलले. 'साहेब, द्वारकाबाई. भ्रतार बुधा. तालुका शिंदखेडा, जिल्हा पश्चिम खानदेश.' धडाधडा, एका दमात. आधीचे दोन्ही नापास कागद म्हणे त्यांनी घरी आणून पुन्हा पुन्हा वाचले होते. जावयाची आई कोण, कुठली, हे तेवढंच त्यांच्या हाती होतं. अंमलदाराने विचारलं, 'तू कोण?' ते म्हणाले, 'हा माझ्या घरात राहतो. हे घर झालं की माझी मुलगी माझ्या घरातून जाईल. मी खोटी ओळख कशाला पटवू?' अंमलदार हसला. नानाने सही केली, खाली सासऱ्यांनी साक्ष घातली. घर झालं.

मी थांबलो. अक्का म्हणाली, "व्याही बोलना ते फिरीन वाचा."

मी फिरून वाचलं. तिने पदर डोळ्यांना लावला. माझ्या मेजासमोर रडणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या, पण घर मिळाल्यावर रडणारी ही पहिलीच.

"मना आंडोरले मनं नाव म्हाईत नही," ती म्हणाली. "त्याना काय दोष? मी कधी सांगंच नही. कोनी इचारं बी नही. त्याना बाप बी 'ओ' म्हनीसन हाक मारे."

मी खाली मान घातली. तीन कागदांवर तिचं नाव मी तीनदा लिहिलं होतं, वळणदार अक्षरात. तिन्ही वेळा खातेउताऱ्यावरून. बाई सहा महिने समोर बसली होती, तिला विचारावं असं मलाही सुचलं नव्हतं.

तिने डोळे पुसले, पिशवी सावरली आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी खट्याळ आलं. "भाऊ, आते व्याहीले एक कागद लिखा. साधा. स्टँप नको."

मी बोरू उचलला.

"लिखा. तुमना जवाई आते घरजवाई नही ऱ्हायना. मी येस. मनं घर दोन खोलीनं शे, पन मनं शे. पोर गयी म्हनीसन तुम्हले एकलं वाटनं ते लाजू नका, मनाकडे ऱ्हावाले या. घरजवाई बठ्ठास्नी दखेल शे. आपण त्यास्ले घरव्याही दखाडसूत."

मला हसू आवरेना. ती हसली नाही. तिने ते अगदी मनापासून सांगितलं होतं. मी शब्दाला शब्द लिहिलं, वाळू टाकली, झटकली, आणि कागद तिच्यापुढे सरकवून अंगठ्याची शाई काढली.

"खाली काय लिहू? अक्का?"

"नही," ती म्हणाली. "व्याहीले जे नाव म्हाईत शे, तेच लिखा."